मदत हवी आहे: व्हिडिओवरच्या तपासणीचं संमतीपत्र आणि विम्याचा दावा

नमस्कार मंडळी,

पार्किन्सन्सचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी घरची माणसं असा आमचा एक मदतगट आहे. गटातल्या बऱ्याच जणांच्या नियमित तपासण्या हल्ली व्हिडिओवर होतात. ज्याचं पाऊल दारापाशी येऊन थबकतं आणि काही केल्या पुढे पडत नाही, त्याला गाडीत बसवा, उतरवा, बाकावर ताटकळत ठेवा, यात सगळ्यांचाच अख्खा दिवस जातो. त्यात गोळीचा असर उतरायच्या वेळी नंबर लागला तर डॉक्टरांना भलतंच चित्र दिसतं. म्हणून ही सोय आम्हाला हवी आहे, आणि ती टिकायला हवी आहे.

गटातर्फे आम्ही दोन कागद तयार करतोय. एक संमतीपत्राचा नमुना आणि दुसरं विम्याचा दावा कसा करावा याचं टिपण. दोन्हीकडे गाडं अडलंय. इथे डॉक्टर आहेत, विम्याच्या क्षेत्रातले लोक आहेत, परदेशात राहणारे बरेच सदस्य आहेत, म्हणून हा धागा.

आम्हाला काय माहीत आहे ते आधी सांगते, म्हणजे तेच पुन्हा लिहिण्यात कुणाचा वेळ जायला नको. केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. रुग्णाने स्वतःहून डॉक्टरांशी संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरायची, असं त्यात आहे. डॉक्टर, आरोग्यसेवक किंवा काळजीवाहक यांच्याकडून सुरुवात झाली तर मात्र ती स्पष्टपणे घ्यावी लागते. ईमेल, मेसेज, आवाजी किंवा व्हिडिओ संदेश, काहीही चालतं, पण डॉक्टरांनी त्याची नोंद ठेवायची.

गृहीत संमती तपासणीपुरती असेल तर माझी काहीच हरकत नाही. फोन लावला म्हणजे मला तपासा, हे उघडच आहे. पण त्याच फोनमध्ये रेकॉर्डिंगला होकार दिला का? डॉक्टरांच्या बाजूला बसलेल्या विद्यार्थ्याने बघायला होकार दिला का? आपलं निदान विमा कंपनीकडे किंवा औषधांच्या दुकानाकडे जायला? बहुतेक ॲपवर या सगळ्याला मिळून एकच चौकट असते, "मला अटी मान्य आहेत". थरथरतं बोट चुकून तिच्यावर टेकलं तरी सगळं मान्य! आमच्या रुग्णांच्या बाबतीत हे अक्षरशः घडतं.

२०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्याच्या सहाव्या कलमात नेमकं टेलिमेडिसिन ॲपचंच उदाहरण दिलंय हे वाचून फार बरं वाटलं. ॲपने सेवेसाठी लागणारी माहिती मागितली, सोबत फोनमधल्या संपर्कांची यादीही मागितली, आणि उदाहरणातल्या बाईंनी दोन्हीला हो म्हटलं. कायदा म्हणतो, संपर्कांची यादी या सेवेसाठी लागतच नाही, तेव्हा त्यांची संमती सेवेपुरतीच धरायची. विम्याचंही उदाहरण आहे: पॉलिसी घेताना "मी डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करणार नाही" असं लिहून घेतलं, तर संमतीचा तेवढा भाग बाद. शिवाय संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. हे आम्ही नमुन्यात ठळक अक्षरांत घालणार आहोत.

आता अडचणी. पहिली म्हणजे व्हिडिओवर काय तपासता येत नाही हे रुग्णाला आधी कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं? अंगठ्यावर भराभर टेकवलेलं बोट, चालणं, चेहऱ्यावरचे भाव, कंप हे कॅमेऱ्यात दिसतं. पण हातापायांतला ताठरपणा डॉक्टरांनी स्वतः सांधा हलवून बघावा लागतो. तोल तपासायला मागे उभं राहून खांद्याला झटका द्यावा लागतो, तो घरच्यांनी द्यायचा प्रयत्न करणं धोक्याचं आहे. म्हणजे पडण्याची भीती किती, हा आमच्या लोकांचा सगळ्यांत मोठा प्रश्न, नेमका पडद्यावर अर्धवट राहतो. ही मर्यादा न सांगता घेतलेली संमती मला अपुरी वाटते.

दुसरी अडचण खोलीतल्या माणसांची. या आजारात आवाज बारीक होतो, त्यामुळे बायको किंवा मुलगा शेजारी बसून बोलतो. त्याशिवाय भागतही नाही. पण काही औषधांनी जुगाराची, वारेमाप खरेदीची ओढ लागू शकते. डॉक्टरांनी तसं विचारलं, आणि शेजारी पासबुक सांभाळणारा मुलगाच बसला असेल, तर वडील काय उत्तर देणार? दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकाला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगतात. व्हिडिओवर ते कसं करायचं?

तिसरी विम्याची. जून २०२० मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना कळवलं की पॉलिसीत डॉक्टरांचा सल्ला देय असेल तिथे टेलिमेडिसिनही मान्य करा. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या. मग नियमित सल्ल्याचं काय? आणि ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले आहेत (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, हे २०१९ पासून नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे) त्यांच्या यंत्राची जुळवणी शस्त्रक्रियेनंतर अनेक वेळा करावी लागते. काही यंत्रांची ती आता दुरूनही करता येते. तो सल्ला धरायचा की उपचार? गटातल्या एकांचा असा दावा "प्रत्यक्ष भेट नाही" एवढ्याच शेऱ्यावर परत आला. सेटिंग बदलली, माणसाचा हात स्थिर झाला, आणि भेटच झाली नाही म्हणे. याचा मला खरंच राग आलाय.

जे माहीत असेल ते सांगा. अर्धवट असलं तरी चालेल.

---

दीपमाळ:

ताई, मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे, रोज असे रुग्ण बघते. खोलीतल्या माणसांबद्दल आधी. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला मी माझ्या बाजूला कोण आहे ते सांगते आणि "तुमच्याकडे कोण आहे?" असं विचारते. चौकटीबाहेर बसलेल्यांचीही नावं विचारते. मग घरच्यांना सांगते की शेवटची काही मिनिटं मी यांच्याशी एकट्याशी बोलेन. हे पहिल्या कॉलपासून प्रत्येकाशीच करते, त्यामुळे कुणाला वेगळं वाटत नाही. रुग्णाच्या कानात इअरफोन असेल तर माझा प्रश्न शेजारच्याला ऐकू जात नाही, आणि मी हो-नाहीत उत्तर देता येईल असाच प्रश्न विचारते. मान हलवली तरी पुरतं. तुमच्या नमुन्यात "मला डॉक्टरांशी काही वेळ एकट्याने बोलायचं आहे" अशी ओळ जरूर घाला. ती छापलेली असली की रुग्णाला मागायचा संकोच होत नाही.

जुगाराबिगाराचा प्रश्न प्रॅमिपेक्सॉल किंवा रोपिनिरोल (पार्किन्सन्सच्या अशा गोळ्या) सुरू करण्यापूर्वीच समजावून सांगावा. तेव्हा तो आरोप वाटत नाही.

मर्यादा सांगणं ही डॉक्टरांचीच जबाबदारी. मी स्वच्छ सांगते, "ताठरपणा आणि तोल मला आज कळणार नाही. पडलात किंवा पडता पडता वाचलात तर पुढची भेट प्रत्यक्ष." व्हिडिओ पुरेसा नाही असं वाटलं तर कुठल्याही क्षणी प्रत्यक्ष बोलवायचं, हे मार्गदर्शक तत्त्वांतही आहे, आणि थांबवायचा हक्क रुग्णालाही आहे. अजून एक, तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून: कॉलच्या वेळी रुग्ण नेमका कुठे आहे तो पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर संमतीपत्रावर हवाच. माझ्यासमोर पडद्यावर कुणी कोसळलं तर मी रुग्णवाहिका कुठे पाठवू?

---

सातासमुद्रापार:

मी कॅलिफोर्नियात असतो. संमती दर वेळी लेखी घ्यावी का, असा विचार करत असाल तर इथला अनुभव उपयोगी पडेल. १९९६ च्या इथल्या कायद्यात दूरस्थ उपचारासाठी तोंडी आणि लेखी अशा दोन्ही संमती सक्तीच्या होत्या. २०११ मध्ये लेखीची अट काढली, तोंडी घेऊन नोंदवली की झालं. मला ते योग्य वाटतं. दर वेळी सही मागितली की लोक न वाचता करतात. त्यापेक्षा एकदा नीट लेखी घ्या, पुढे दर वेळी तोंडी विचारा, आणि काही बदललं तरच (नवा डॉक्टर, रेकॉर्डिंग, नवं यंत्र) पुन्हा लेखी घ्या.

विम्याबाबत इथे शिकलो ते हे की भरपाई मिळणं आणि प्रत्यक्ष भेटीइतकीच मिळणं, या दोन वेगळ्या लढाया आहेत. समोरासमोर भेट झाली नाही म्हणून पैसे अडवायचे नाहीत, हे २०११ च्याच कायद्यात आलं. दर समान ठेवायची सक्ती २०१९ च्या कायद्याने झाली, २०२१ पासूनच्या करारांसाठी. तुम्ही नियामकाला काही लिहिणार असाल तर दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहा.

---

रानवारा:

फ्रान्समधून. इथे सप्टेंबर २०१८ मध्ये व्हिडिओ सल्ल्याला प्रत्यक्ष भेटीच्याच दराने परतावा मिळायला सुरुवात झाली. तेव्हा अट अशी घातली होती की त्या डॉक्टरांनी गेल्या १२ महिन्यांत एकदा तरी प्रत्यक्ष तपासलेलं असावं, अपवाद होते. घरातून हलूच न शकणाऱ्यांना ती जाचक वाटायची, पण तुमच्या तोल तपासण्याच्या मुद्द्याला ती धरून होती. परिचारिका रुग्णाच्या शेजारी असेल तर तिच्या कामाचेही वेगळे पैसे मिळतात. शिकलेला हात खोलीत असला की अर्धी अडचण सुटते.

---

दावेदार:

मी आरोग्यविम्याचे दावे तपासायचं काम करत होतो. आधी पॉलिसीत बाह्यरुग्ण सेवेचं (दाखल न होता घेतलेल्या उपचारांचं) कलम आहे का बघा. नसेल तर नियमित सल्ल्याचे पैसे मिळणार नाहीत, व्हिडिओवरचे असोत की समोरचे. कंपनीच्या ॲपवर "मोफत डॉक्टर" असतात, ती वेगळी सोय झाली. त्यावरून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं बिल मंजूर होत नाही.

पण दाखल होण्याआधीचे आणि घरी सोडल्यानंतरचे काही दिवस बहुतेक पॉलिसींत धरलेले असतात, साधारण ३० आणि ६०. त्या काळातला, त्याच आजाराचा व्हिडिओ सल्ला मागता येतो, लोक मागतच नाहीत. यंत्राच्या जुळवणीला हाच रस्ता. डॉक्टरांच्या कागदावर "फोनवर बोललो" असं असेल तर तो परत येणारच. "शस्त्रक्रियेनंतरची तपासणी, यंत्राची सेटिंग अमुक होती ती तमुक केली, कारण हे" असं लिहून घ्या. नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ हवी. पावती मागून घ्या, टेलिमेडिसिनच्या सल्ल्याची पावती द्यावी असं मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. ६० दिवसांनंतरच्या जुळवणीचं मात्र कंपनीला आधीच लेखी विचारून ठेवा.

दावा परत आला त्यांनी गप्प बसू नये. नकाराचं कारण पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा, जून २०२० च्या परिपत्रकाचा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्याला एक वर्षाची मुदत असते, ती जाऊ देऊ नका.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. दीपमाळ, एकट्याने बोलायची ओळ आणि पत्ता दोन्ही आजच घातले. सातासमुद्रापार, एकदा लेखी आणि नंतर तोंडी हे गटाला पटलं. तपासणी, रेकॉर्डिंग, विद्यार्थ्यांची हजेरी आणि माहिती विमा कंपनीला देणं, यांच्या वेगळ्या चौकटी करतोय. पुढच्या तिन्हींना नाही म्हटलं तरी तपासणी अडणार नाही, हे वर स्पष्ट लिहिलंय. दावेदार, ज्यांचा दावा परत आला त्यांच्याकडून डॉक्टरांचा कागद मागवलाय. त्यावर सेटिंगचा उल्लेखच नाही, तो दुरुस्त करून घेऊन अर्ज करतोय.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रुग्ण असमर्थ असेल, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंश असेल, तर काळजीवाहकाला अधिकार आहे असं मार्गदर्शक तत्त्वं धरून चालतात. पण आमच्यातले काही जण सकाळी अगदी स्पष्ट असतात आणि संध्याकाळी त्यांना समोर कोण आहे ते कळत नाही. त्यांना एकदम असमर्थ ठरवणं मला मान्य नाही. सकाळच्या वेळी, शुद्ध असताना, "संध्याकाळी माझ्या वतीने अमुक व्यक्ती बोलेल, पण या दोन गोष्टी मलाच विचाराव्यात" असं त्यांनी लिहून ठेवलं तर ते डॉक्टरांना बंधनकारक ठरेल का? असा कागद कुणी केला असेल, किंवा वकील सदस्यांपैकी कुणी मसुदा बघून देणार असेल, तर कृपया इथेच लिहा.