प्रतिसाद: पीक रुसलं की वादळदेव?

वर म्हटलंय की हित्ती लोक (आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन लोक) पीकपाण्यासाठी वादळदेवालाच साकडं घालत. अर्धंच पटलं. पाऊस त्याचा खरा, पण शेतीभाती त्याच्या मुलाकडे, तेलिपिनूकडे. त्यांच्या पुराणकथेत तो रुसून, घाईत उजवा जोडा डाव्या पायात घालून निघून जातो आणि सगळं ठप्प: मेंढी कोकराला झिडकारते, गाय वासराला. बाप शोधायला निघतो, तर नगरीची वेस त्याला उघडत नाही; हातोडा मोडून गप्प बसतो!

शेवटी हन्नाहन्ना देवी मधमाशी पाठवते. ती झोपलेल्या तेलिपिनूला डसते, तो जागा होतो आणि आणखीनच भडकतो. मग मंत्रतंत्र करून त्याचा राग पाताळातल्या काशाच्या रांजणांत कोंडतात. झाकणं शिशाची, आत गेलेलं परत येत नाही.