मदत हवी आहे: एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स३डी प्रोसेसर घ्यावा की साधा ९९५०एक्स?

नमस्कार मंडळी. म्हापशातली मशीन: रायझन ९ ५९००एक्स, बी५५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर४ रॅम. काम ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) सीपीयू रेंडरिंगचं, म्हणजे प्रोसेसरवरच चित्रं तयार करण्याचं, गेम क्वचित. नवा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायची जागा), जुन्या बोर्डवर बसत नाही, म्हणजे बोर्ड आणि डीडीआर५ रॅमचा खर्च आलाच. एक्स३डीचा जादा कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) १६ पैकी ८ कोअरच्याच चिपलेटवर (प्रोसेसरमधल्या एका छोट्या चिपवर), आणि फायदा मुख्यतः गेमना. मग रेंडरिंगला त्याचे जादा पैसे का मोजायचे? कुणी दोन्ही वापरलेत?

दोघांचा टीडीपी (कूलरसाठी धरलेला उष्णतेचा आकडा) १७० वॅट, पण पूर्ण लोडवर २०० वॅटच्या आसपास जातात. एसी नसलेल्या खोलीत (आपला मे महिना ठाऊकच आहे!) दोन पंख्यांचा एअर कूलर पुरेल, की ३६० मिमी लिक्विडच हवा? शिवाय जुन्या बायोसचा (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) बी६५० हा एएम५ बोर्ड नव्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. फ्लॅशबॅक बटण (प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करणारं) नसेल तर पणजी-मडगावात बायोस अपडेट करून कोण देतं?