पाय किती लांब, आणि वजन कशाचं

ट्राउट मासा पकडायला गळावर जो खोटा किडा (फ्लाय) बांधतात, त्याचे रबराचे पाय जितके लांब तितकी ट्राउट लवकर येते असं काही जण म्हणतात, ते संथ पाण्यात एकवेळ ठीक आहे पण अमेरिकेतल्या मॅडिसनसारख्या खळाळत्या नदीत मला नाही पटत. आपण नक्कल करतोय ती सॅमनफ्लाय या किड्याच्या निम्फची, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या पिल्लाची, ती तीन-चार वर्षं दगडांखाली काढते, पोहता तिला धड येत नाही, दगडावरून सुटली की अंग आवळून प्रवाहाबरोबर वाहत जाते, मग लांबलचक पाय कशाला? उलट ते मागे जाऊन गळाच्या वाकाला अडकतात. मी गळाच्या फटीच्या, म्हणजे टोक आणि दांडा यांतल्या अंतराच्या, दीडपट ठेवतो, बस्स. बांधताना दोरा पायावरून फुलीसारखा तिरका फिरवा, म्हणजे पाय काटकोनात उभे राहतात, मग शेनीलचा (किड्याच्या अंगासाठीच्या लवदार दोऱ्याचा) एक वेढा पायाच्या मागून आणि एक पुढून घट्ट घ्या. साध्या रबरापेक्षा स्पॅन्डेक्सचे पाय घ्या, रबर उन्हात ठिसूळ होऊन तुटतं.

आणि किडा बुडावा म्हणून गळावर शिशाची तार गुंडाळा असं सगळे म्हणतात पण एक गोष्ट कोणीच सांगितली नाही, मॅडिसनचा वरचा भाग यलोस्टोन पार्कात येतो आणि तिथे शिशाचं वजन चालत नाही, गळही टोकाजवळच्या उलट्या काट्याविना किंवा तो काटा दाबलेला लागतो. टंगस्टनचा मणी किंवा शिसंविरहित तार वापरा प्लीज. लून नावाचे पाणपक्षी आणि ट्रम्पेटर हंस पाण्यात पडलेलं शिसं गिळतात आणि विषबाधेने मरतात, थोड्या जास्त पैशांसाठी ते नको.