नाट्यपदे वृंदगानात बसवताना : पट्टी, ऑर्गन आणि आणखी काही अडचणी

वृंदचिटणीस (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. कोल्हापुरात विद्यापीठात शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांचा चोवीस गळ्यांचा गायनवृंद आणि नऊ जणांचा वाद्यवृंद आहे. आजवर आमची मजल अभंग, देशभक्तिपर गीते आणि युवा महोत्सवातील समूहगीत एवढीच होती. समूहगीताला सहाच गायक लागतात, त्यामुळे उरलेल्या अठरा जणांना वर्षभर टाळ्या वाजवण्यापलीकडे फारसे काम नसते. या वर्षी मात्र सगळ्यांनी मिळून संगीत नाटकांतील पदांचा दीड तासाचा कार्यक्रम करावा, असे आम्ही ठरवले आहे.

नाटक कोणते घ्यावे याबद्दल वाद झाला नाही. 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले तेव्हा त्याच्या चाली आपल्या गोविंदराव टेंब्यांनी दिल्या होत्या, आणि १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत जो 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला, त्यात बालगंधर्वांसमोर नायक धैर्यधर म्हणून उभे राहिले ते आपले केशवराव भोसले. ज्या नाट्यगृहाला केशवरावांचे नाव आहे, ते २०२४ साली ८ ऑगस्टच्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले. त्यामुळे कार्यक्रम त्यांच्याच नाट्यगृहात करण्याचा विचार सोडून आम्ही शाहू स्मारक भवन डोळ्यांसमोर ठेवले आहे.

तालमी सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि आम्ही पहिल्याच पायरीवर अडलो आहोत. काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, गायले तर मुलींचा तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) किंचाळल्यासारखा लागतो, आणि काळी चारमध्ये गायले तर मुलांचे खालचे स्वर घशातच राहतात. त्यातच आमच्यातील एका मित्राने एका पदासाठी चार आवाजांची पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंगती लिहून आणली आहे. निम्मा वृंद त्यावर खूश आहे आणि निम्मा वृंद त्याच्याशी बोलत नाही. शिवाय एका काकांनी मोठ्या मनाने घरचा जुना ऑर्गन वापरायला दिला, पण तो आमच्या सिंथेसायझरशी आणि बासरीशी जुळत नाही. कार्यक्रमाला तिकीट लावावे की नाही आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागते, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

पायपेटी

चिटणीसमहाशय, मी गेली अनेक वर्षे नाट्यपदांना ऑर्गनची साथ करीत आलो आहे, म्हणून आधी ऑर्गनबद्दल लिहितो. जुन्या ऑर्गनची पट्टी आजच्या सिंथेसायझरच्या पट्टीशी तंतोतंत जुळेलच असे नाही, आणि एखाद्याने उत्साहाच्या भरात त्याचे रीड खरवडून सूर वर-खाली करायला घेतले, तर ज्या काकांनी विश्वासाने वाद्य दिले त्यांना तोंड दाखवणे अवघड होईल. रीडचे टोक खरवडले की सूर चढतो आणि बुडाशी खरवडले की उतरतो, हे खरे आहे; पण गेलेले पितळ परत येत नाही. त्यापेक्षा ऑर्गनलाच प्रमाण मानून बाकीची वाद्ये त्याच्याकडे न्यावीत. सिंथेसायझरमध्ये सूर सूक्ष्म अंशाने सरकवण्याची सोय असते, व्हायोलिन व तबला लावता येतात, राहता राहिली बासरी. बांबूला पीळ देऊन सूर बदलत नाही. वादक फुंकीचा कोन बदलून थोडेफार सांभाळून घेतो, पण फरक मोठा असेल तर ऑर्गनचा सूर मोबाईलवर मुद्रित करून बासरी करणाऱ्याकडे पाठवावा आणि त्या मापाची एक बासरी करून घ्यावी.

आता पट्टी. चोवीस जणांनी सगळे पद एकाच षड्जात, म्हणजे एकाच सा वरून, गायलेच पाहिजे, हा हट्ट सोडला की निम्मी अडचण सुटते. मुलांचा षड्ज काळी दोन ठेवा आणि मुलींचा काळी चार ठेवा. काळी चार म्हणजे मुलांचा मध्यम (म). उलट बाजूने पाहिले तर मुलांचा षड्ज हाच मुलींचा पंचम होतो, त्यामुळे काळी दोनला लावलेला तबला मुलांना 'सा' म्हणून आणि मुलींना 'प' म्हणून चालून जातो, प्रत्येक पदाला हातोडी घेऊन बसावे लागत नाही. पंडित जसराज यांनी जसरंगी म्हणून जी स्त्री-पुरुष जुगलबंदी रूढ केली, तिचा पाया हाच आहे. दोन सावधगिरी मात्र बाळगाव्यात. ज्या रागात पंचम वर्ज्य आहे तेथे मुलींसाठी दुसरा तबला लागेल. दुसरे असे की आपले व्हायोलिनवाले हिंदुस्थानी पद्धतीने तारा सा-पला लावत असतील, तर षड्ज बदलताच त्यांची बोटे परक्या घरात गेल्यासारखी होतात. त्यांना दोन पदांच्या मध्ये एखादे निवेदन मिळेल अशा बेताने क्रम लावावा.

आणखी एक गोष्ट कोणी विचारली नाही, तरी सांगतो. ऑर्गन रंगमंचाच्या कोपऱ्यात शोभेसाठी ढकलू नका. संगीत नाटकात साथीदार रंगमंचासमोर खाली बसत, ते जागा वाचावी म्हणून नव्हे, तर ऑर्गनवाल्याला नटाचे ओठ दिसावेत म्हणून. गाणाऱ्याने श्वास घेतला की हात तयार होतो. पाठीमागे बसून साथ करणे म्हणजे दाराआडून गप्पा मारण्यासारखे आहे.

दुसरी घंटा

पट्टीबद्दल वर लिहिले आहे ते मान्य आहे. माझा आक्षेप मुळाशीच आहे, आणि तो तरुण मंडळींना नाउमेद करण्यासाठी नाही. नाट्यपद हे एका पात्राचे असते. 'मानापमान'ची नायिका भामिनी हिचा राग चोवीस जणींना एकदम आला, तर प्रेक्षकांना तो मोर्चा वाटेल. ठुमरीच्या अंगाने जाणारी टेंब्यांची चाल ज्या छोट्या हरकतींवर, म्हणजे गळ्यातल्या नाजूक वळणांवर, जगते, त्या हरकती चोवीस गळ्यांत एकसारख्या उतरवायच्या म्हटल्या की त्या घासून गुळगुळीत होतात आणि शिल्लक राहतो तो चालीचा सांगाडा. मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी पदे बसवताना ही चूक स्वतः केली आहे. वीस मुलामुलींकडून एक तान पाठ करून घेतली होती, सूर एकही चुकला नाही आणि तरीही परीक्षकांपैकी एकाने मान खाली घालून शेवटपर्यंत कागदावर रेघोट्या ओढल्या.

मग वृंदाने काय करावे, असे आपण विचाराल. संगीत नाटकातच वृंदासाठी जागा आहे, ती पदांच्या आधी आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला. त्याची नांदी घ्या. नांदी हे कोणा एका पात्राचे मनोगत नव्हे, ते सर्वांनी मिळून केलेले आवाहन आहे. तेथे चोवीस गळे शोभतात, नव्हे, हवेतच. त्यानंतर अण्णासाहेबांच्या साक्या आणि दिंड्या, म्हणजे त्या छंदांतली पदे, घ्या. दिंडीच्या ओळीत एकोणीस मात्रा असतात, आधी नऊ आणि मग दहा. नवव्या मात्रेनंतर सर्वांनी एकत्र श्वास घ्यायचा, एवढा एक नियम पाळला तरी वृंद एका माणसासारखा चालतो. आमच्या तालमीत मी त्या जागी नुसती तर्जनी उचलत असे, बाकी हातवारे काही नाहीत.

आणि वृंद हेच पात्र असलेले नाटक हवे असेल, तर १९७२ चे 'घाशीराम कोतवाल' आहे. तेथे गाणाऱ्या नटांची रांगच पडदा होते, तीच उघडते, तीच मिटते. भास्कर चंदावरकरांच्या संगीतात कीर्तनापासून लावणीपर्यंत सगळे आहे. त्या रांगेत उभे राहिलेल्या तुमच्या अठरा जणांना टाळ्या वाजवाव्या लागणार नाहीत, टाळ्या मिळतील.

वृंदचिटणीस

दोघांचेही मनापासून आभार. पायपेटी काका, ऑर्गनला हात लावू नये असे सर्वांना बजावले आहे. दुसरी घंटा सर, आपला मुद्दा पटतो, परंतु एक शंका राहते. एकेकट्याने पद गायचे आणि बाकीच्यांनी नांदीपुरते उभे राहायचे, तर पुन्हा चार-पाच चांगले गळे पुढे आणि बाकी सगळे मागे, अशीच अवस्था होणार नाही का? चार आवाजांची स्वरसंगती लिहिणाऱ्या मित्राचे म्हणणे हेच आहे की, प्रत्येकाला स्वतःची ओळ मिळावी.

मंगळवार पेठ

मी गायक नाही, श्रोता आहे, आणि तोही पहिल्या रांगेतला नाही. पण शुद्धतेची जी भाषा वर आली आहे, तिच्याबद्दल दोन शब्द लिहितो. अण्णासाहेबांनी कीर्तनातल्या, लावणीच्या आणि कर्नाटकातल्या चाली उचलल्या. 'मानापमान'मध्ये टेंब्यांनी उत्तरेकडची ठुमरी आणली, तेव्हाही जुन्या चालींना सरावलेल्या माणसांना ती परकीच वाटली असणार. 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी राग-बंदिशींची श्रीमंती दिली ती १९१६ मध्ये. जी कला पस्तीस-छत्तीस वर्षांत तीन वेळा कूस बदलते, तिला स्वरसंगतीचे वावडे असेल असे मला वाटत नाही. आणि ज्या ऑर्गनला आपण परंपरा म्हणतो, तो तरी कोठून आला?

तरीही आपल्या मित्राने लिहिलेल्या चारही ओळी पदाच्या अंगावर चढवू नयेत, असे मला वाटते. रागाची चाल पुढे जात असताना खालचे स्वर प्रत्येक मात्रेला बदलू लागले की षड्ज हलतो, आणि षड्ज हलला की श्रोत्याला आपण कोठे उभे आहोत हे कळत नाही. मुखडा एकट्या आवाजात जाऊ द्यावा. अंतऱ्यानंतर वाद्यांचा जो तुकडा येतो, त्या जागी वृंदाने आकारात सा आणि प धरून तानपुऱ्यासारखे उभे राहावे, आणि स्वरसंगती त्या तुकड्यापुरतीच फुलू द्यावी. प्रत्येकाला ओळ मिळेल आणि भामिनीला तिचा रागही एकटीने करता येईल.

जाता जाता एक सांगतो. वाद्यमेळ मोजूनमापून लिहिलात, तर प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' मागितल्यावर काय करायचे तेही लिहून ठेवा. कोल्हापूरचा श्रोता मागतो, आणि नाही मिळाले तर बाहेर चहाच्या गाड्यावर तासभर बोलतो.

कायद्याचा विद्यार्थी

परवानगीबद्दल थोडक्यात लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले आणि नाटककार देवल १९१६ मध्ये, त्यांचा प्रश्नच नाही. 'मानापमान'चे लेखक खाडिलकर १९४८ मध्ये आणि टेंबे १९५५ मध्ये गेले. म्हणून 'मानापमान'चे शब्द आणि चाली दोन्ही आता मोकळ्या आहेत. मात्र अलीकडे कोणी केलेला नवा वाद्यमेळ ध्वनिमुद्रिकेवरून जसाच्या तसा उचलू नये. मूळ चाल मोकळी असली तरी त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो.

'कट्यार काळजात घुसली' १९६७ चे आहे आणि त्याचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले. 'घाशीराम'चे लेखक तेंडुलकर २००८ मध्ये. या दोन्ही नाटकांतले काही घ्यायचे असेल तर हक्कदारांची लेखी परवानगी मागावी. कायद्यात शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमाला सवलत आहे, पण ती सादर करणारे संस्थेचेच विद्यार्थी व कर्मचारी असतील आणि प्रेक्षकांत संस्थेतील मंडळी, पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित लोकच असतील तेव्हा. शाहू स्मारकात तिकीट लावून गावाला बोलावले की ती सवलत हातची जाते. पदांच्या मधल्या जागी संवादांसह प्रवेश करणार असाल, तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याचेही लक्षात ठेवावे. शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नये.

पायपेटी

मंगळवार पेठ यांनी सुचवलेले सा-प धरून राहणे चांगले आहे, पण एक तांत्रिक गोष्ट सांभाळा. मुलीचे एकल पद काळी चारमध्ये असेल आणि मागे मुलगे सवयीने आपला पंचम धरून राहिले, तर तो तिचा रिषभ (रे) होतो. धरणारा वृंद गाणाऱ्याच्या षड्जावर असला पाहिजे. हे कागदावर सोपे दिसते, तालमीत दोन दिवस जातात.

वृंदचिटणीस

काका, दोन नव्हे, चार दिवस गेले. आपण लिहिलेली चूक आम्ही पहिल्याच संध्याकाळी केली आणि भामिनीचे पद गाणारी आमची मैत्रीण मध्येच थांबून मागे वळून पाहू लागली. आता मुलग्यांनी तिच्या पदात पंचम सोडून फक्त आपला षड्ज आणि मध्यम धरायचे ठरवले आहे, म्हणजे तिला ते पंचम आणि षड्ज असे मिळतात.

कार्यक्रम असा ठरला आहे : आरंभी 'शाकुंतला'ची नांदी सर्वांनी मिळून, मग तीन दिंड्या आणि दोन साक्या, आणि उरलेला सगळा वेळ 'मानापमान'. 'घाशीराम' पुढच्या वर्षावर टाकले आहे. मित्राने आपली चार आवाजांची वही परत घेतली आणि दोन रात्री बसून वाद्यांच्या तुकड्यांपुरती नवीन स्वरसंगती लिहून आणली; जे त्याच्याशी बोलत नव्हते त्यांपैकी दोघे आता त्याच्या शेजारी उभे राहून गातात. तिकीट लावणार आहोत. नव्या मापाची बासरी अजून हाती आलेली नाही, तोपर्यंत आमचा बासरीवाला तालमीत टाळ वाजवतो आहे आणि त्याबद्दल दर संध्याकाळी तक्रार करतो आहे.