मदत हवी आहे: डोंगरात ट्रेलर ओढायला मोठं पेट्रोल इंजिन, ७.३ की ६.६ की ६.४?

मंडळी, अमेरिकेत हेवी ड्यूटी पिकप वापरणारं इथे कुणी असेल तर जरा वाट दाखवा.

आम्ही डेन्व्हरला लागून ऑरोरात राहतो. कॅम्पिंगचा ट्रेलर घेतलाय, पाणी-सामान भरून ७,५०० पौंड, म्हणजे साधारण ३,४०० किलो. सध्याचा अर्ध्या टनी (हलक्या वर्गातला) पिकप तो ओढतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण दाराच्या खांबावरचं पिवळं स्टिकर सांगतं की गाडीत माणसं आणि सामान मिळून १,४८० पौंडांच्या वर नको. ट्रेलरच्या दांड्याचा भार हुकवर साडेनऊशे पौंड येतो. उरले ५३०. त्यात मी, बायको, मुलगी आणि उन्हाळ्यात पुण्याहून येणारे सासू-सासरे. सासूबाईंच्या बॅगा मी अजून धरलेल्याच नाहीत.

म्हणून २५०/२५०० वर्गातला (एक पायरी वरचा, जास्त ओझं उचलणारा) वापरलेला ट्रक बघतोय, २०२१ ते २०२३ मधला. मोठ्या पेट्रोल इंजिनांत तीन गोष्टी समोर येतात:

फोर्ड एफ-२५० मध्ये ७.३ लिटर व्ही-८, ४३० हॉर्सपॉवर, ४७५ पौंड-फूट टॉर्क, म्हणजे ओढ (२०२३ मध्ये ४८५). शेव्हरले सिल्व्हराडो २५०० मध्ये ६.६ लिटर, ४०१ आणि ४६४. रॅम २५०० मध्ये ६.४ लिटर हेमी, ४१० आणि ४२९.

डिझेल का नको, हे आधीच सांगतो, कारण पहिला प्रतिसाद तोच येणार. माझं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर. एवढ्याशा फेरीत डिझेलचा एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, काजळीचा फिल्टर जळून साफ होत नाही, आणि मग वर्कशॉपच्या वाऱ्या. शिवाय नव्या गाडीत डिझेलचे साधारण १०,००० डॉलर जास्त पडतात आणि वापरलेल्या गाडीतही तो फरक बराचसा टिकून असतो. ट्रेलर आम्ही फक्त उन्हाळ्यात काढतो.

अडचण अशी की सासरे कोथरूडच्या कमिन्समधून रिटायर झालेत. रॅमच्या डिझेलवर कमिन्सचं नाव आहे हे कळल्यापासून रोज व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न: "पेट्रोलवर कुणी ओझं ओढतं का, जावईबापू?"

माझे प्रश्न:
आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढताना यातलं कुठलं इंजिन कमी रडेल? बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे.
अ‍ॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.७३ पुरतो की ४.३० च शोधायचा?
आणि उतारावर काय?

---

प्रतिसाद १

वाचतोय. आमच्या साताऱ्याकडे ५.९ लिटरच्या डिझेलवर दहाचाकी ट्रक खंबाटकी चढतात. तुम्ही ७.३ लिटर पेट्रोल घेऊन सासूबाईंच्या बॅगा नेणार. चालू द्या.

---

प्रतिसाद २

मी फोर्ट कॉलिन्सला असतो, ७.३ वाला एफ-२५० आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे बाजूला ठेवा. ते समुद्रसपाटीचे आहेत. या तिन्ही इंजिनांना टर्बो नाही, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते. बोगद्यापाशी ४३० चे तुमच्या हातात २९० च्या आसपास उरतात, शेव्हरलेचे २७०. डिझेलला टर्बो हवा कोंबून देतो म्हणून त्याला उंचीचा तितका फटका बसत नाही. एवढ्यापुरते तुमचे सासरे बरोबर आहेत.

पण साडेसात हजार पौंडांना २९० हॉर्सपॉवर पुरतात. फक्त ते ५,५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास मिळतात. डिलनहून पूर्वेकडे बोगद्याला चढताना, घरी परतायच्या वाटेवर, काही ठिकाणी ७ टक्के चढ आहे. तिथे गाडी खाली गिअर टाकते आणि इंजिन ओरडायला लागतं. मागच्या सीटवरून "अरे, काहीतरी बिघडलं" असा आवाज येईल. बिघडलेलं नसतं. हे इंजिन त्या फेऱ्यांवर तासभर चालावं म्हणूनच बांधलंय: ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पिस्टनला खालून तेलाचे फवारे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच आहे, पुशरॉडवाली जुनी रचना, त्यामुळे इंजिन रुंदीला आटोपशीर आणि चेनही लहान. फोर्ड हेच इंजिन एफ-६५० सारख्या मध्यम ट्रकांना आणि मोटरहोमच्या चेसिसला देते, म्हणजे ओझ्याचा विचार आधी झालाय.

मजेचं इंजिन म्हणाल तर नाही. पेट्रोल पितं. ट्रेलर जोडल्यावर गॅलनला ८-९ मैल मिळाले तर बरं समजा. या वजनाच्या गाड्यांवर सरकारी मायलेजचं लेबलच नसतं, त्यामुळे डीलर सांगेल तो आकडा हसून ऐका.

रेशो: फोर्डला १० गिअर आहेत, तुमच्या वजनाला ३.७३ पुरेल. ४.३० मिळाला तर घ्या, पण त्यासाठी दोन महिने थांबू नका.

---

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण शेव्हरलेला एवढ्यात बाद करू नका. माझ्याकडे २०२२ चा ६.६ आहे. इंजिन दणकट आहे, पेट्रोल वाचवायला काही सिलिंडर बंद-चालू करणारं प्रकरण त्यात नाही, ब्लॉक लोखंडीच. खरी गोम गिअरबॉक्समध्ये आहे. २०२३ पर्यंत पेट्रोलला सहाच गिअर दिलेत आणि अ‍ॅक्सल फक्त ३.७३. दहा गिअरचा अ‍ॅलिसन गिअरबॉक्स २०२४ पासून आला.

सहा गिअरचं चढावर काय होतं ते सांगतो. दुसऱ्यात ५,००० फेऱ्यांवर आहात. तिसरा पडला की फेऱ्या एकदम ३,२०० वर येतात. तिथे ओढ कमी पडते, गाडी परत दुसऱ्यात. वर-खाली, वर-खाली. मी हाताने दुसऱ्यात अडकवून ठेवतो आणि ट्रकवाल्यांच्या मागे उजव्या लेनमध्ये पडून राहतो. फोर्डमध्ये त्या दोन गिअरांच्या मध्ये आणखी गिअर आहेत, तिथे हा त्रास नाही.

किंमत मात्र माझ्या भागात फोर्डपेक्षा बरीच कमी पडली, म्हणून घेतला. पस्तावलो नाही.

---

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गिअरच्या मधल्या अंतराचा मी विचारच केला नव्हता, नुसत्या टॉर्कच्या आकड्यांची तुलना करत बसलो होतो.

हेमीबद्दल कुणी बोललं नाही? आणि उतार?

---

प्रतिसाद ४

हेमी ६.४ चालवलाय, भावाचा आहे. आठ गिअर छान जुळलेत, आतली बैठक तिघांत उत्तम, सासूबाई खूश होतील. पण कंपनी त्याला ८९ ऑक्टेनचं (आकडा जितका मोठा तितकं अवेळी न पेटणारं) पेट्रोल सुचवते, आणि तुम्ही कोलोरॅडोत आहात.

इथे एक गोष्ट बऱ्याच नव्या लोकांना माहीत नसते. कोलोरॅडोत पंपावर जे 'रेग्युलर' मिळतं ते ८५ असतं. कार्ब्युरेटरच्या काळात विरळ हवेमुळे ते खपून जायचं. आताची इंजिनं जास्त कॉम्प्रेशनची, ७.३ चं १०.५ आणि शेव्हरलेचं १०.८. ओझं घेऊन चढताना ८५ भरलंत तर नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटतंय हे ओळखणारा) ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि आधीच घटलेली ताकद आणखी घटते. फोर्ड असो वा शेव्हरले, निदान ८७ भरा. ट्रेलर असताना तरी.

हेमीला सिलिंडरमागे दोन, असे एकूण १६ स्पार्क प्लग आहेत. सर्व्हिसचा अंदाज काढताना ध्यानात ठेवा.

---

प्रतिसाद २ (पुन्हा)

उताराचं राहिलंच.

इथे डिझेलवाला खरोखर पुढे आहे, चढापेक्षाही जास्त. त्याला एक्झॉस्ट ब्रेक असतो, म्हणजे एक्झॉस्ट अडवून इंजिनच गाडीला धरतं. पेट्रोलमध्ये टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावायचा, बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडण्याआधीच वेग ५०-५५ वर आणायचा आणि गिअर खाली उतरवून इंजिनाला धरू द्यायचं. मोठं इंजिन असल्यामुळे थोडं धरतंही. मध्ये वेग वाढला तर ब्रेक ठासून दाबा, दहा मैलांनी कमी करा, सोडा. नुसतं पाय टेकवून खाली आलात तर सिल्व्हरथॉर्नला पोचेपर्यंत वास येईल. आणि ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारा) निघण्यापूर्वी पार्किंग लॉटमध्ये तपासा, घाटात नव्हे.

वापरलेला घेताय म्हणून आणखी एक. मीटरवरच्या मैलांइतकेच इंजिनाचे तास बघा, फोर्डमध्ये नुसतं उभ्याने चाललेले तासही वेगळे दिसतात. बांधकामावरच्या गाड्या ४०,००० मैलांच्या दिसतात, पण थंडीत हीटर लावून दिवसभर धडधडत उभ्या असतात. असा ट्रक कितीही चकचकीत असला तरी सोडून द्या. इंजिन गार असतानाच सुरू करून बघा, डीलरने आधी तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

---

धागाकर्ता

लव्हलँडला एक २०२२ चा ७.३ दिसतोय, दहा गिअर, ३.७३. पिवळ्या स्टिकरवर ३,१०० पौंड. ९५० ट्रेलरचे वजा केले तरी २,१५० उरतात. शनिवारी सकाळी बघायला जातोय, गार इंजिन ठेवा असं फोनवर सांगितलंय.

सासऱ्यांना सगळा धागा वाचून दाखवला. लोखंडी ब्लॉक ऐकल्यावर जरा नरमले. आता विचारतायत की व्हॉल्व्हवर काजळी धरते का.

---

प्रतिसाद ३

७.३ मध्ये पेट्रोल पोर्टमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जातात, काळजी नको. माझ्या ६.६ मध्ये थेट सिलिंडरमध्ये जातं, तिथे हा प्रश्न बरोबर आहे. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि शनिवारी अंडरबॉडीचे फोटो टाका. रस्त्यावरच्या मिठाने फ्रेम किती खाल्ली ते बघून सांगतो.