खा, पण टेकडी चढा! फिट राहायला बाहेरचं खाणं सोडायची खरंच गरज आहे का?

टेकडीकर:
हल्ली कुणी वजन कमी करायला घेतलं की पहिली कुऱ्हाड बाहेरच्या खाण्यावर, मिसळ बंद, एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) बंद, मस्तानीचं तर नावच काढायचं नाही, आणि महिन्याभरात तोच माणूस वैतागून दुप्पट खायला लागतो. मला हे अजिबात पटत नाही. खाण्यावर प्रेम असेल तर खावं आणि हालचाल वाढवावी. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी, पुण्यात एवढ्या फुकटच्या जागा आपल्याला मिळाल्यात! डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, पण आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतं, म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं भरभर चालणं. तेवढं नेमाने करणाऱ्याचं रविवारच्या मिसळीने काही बिघडत नाही.

शनिवारपेठ:
चालून खाल्लेलं फिटतं हा हिशोबच चुकीचा आहे. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे छोटा चमचाभर तेल ४५ कॅलरी, आणि तर्रीचा लाल थर काही एका चमच्याचा नसतो. आतकरवाडीतून सिंहगड चढलात तर साधारण चार-पाचशे कॅलरी जळतील, पण वर पोचल्यावर कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, वर लिंबू सरबत, झालं की, सगळं तिथेच परत भरलं! आणि मीठ? दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतात. फरसाण, पापड, लोणचं, रस्सा मिळून किती होतं बघा. वजन बरोबर असलं तरी जास्त मिठाने बीपी वाढतं.

कोथरूडची मुक्ता:
+१. आणि "मी बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. आपल्याच पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्यांच्या लेखात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्या लोकांची चरबी पोटात आत साठते, काट्यावर दिसत नाही, त्यामुळे डायबेटिसही लवकर गाठतो. वजनाच्या जोडीला कंबर मोजा, पुरुषांची ९० सेंमीच्या आत हवी, बायकांची ८० च्या.

टेकडीकर:
मुक्ताताई, तोच लेख माझ्या बाजूने बोलतो. युडकिन मॅरेथॉन धावायचे, हे त्यातच लिहिलंय! जन्माच्या वेळचं पोषण, अनुवंशिकता ही कारणं आहेतच, नाकारत नाही, पण त्यातलं आज आपल्या हातात काय आहे? पायच ना. वापरलेला स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. मिसळ खाऊन गाडीला किक मारण्यापेक्षा पेठेत दोन गल्ल्या पायी फिरा.

हिंजवडी रात्रपाळी:
तुम्ही सगळे रविवारच्या मिसळीवर भांडताय आणि खरा घोळ बुधवारी रात्री साडेदहाला आहे. कॉल संपतो, डोकं चालत नाही, फोनवरून फ्राईड राईस नाहीतर बिर्याणी मागवायची, लॅपटॉपसमोर खायची आणि तसंच झोपायचं. ह्यात खाण्याची आवड कुठेय? चवसुद्धा कळत नाही. आमच्या टीममध्ये बहुतेकांचं हेच चालतं आणि पोटं ह्यानेच सुटलीत, मित्रांबरोबर रांगेत उभं राहून खाल्लेल्या मिसळीने नाही. आणि टेकडीकर, दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवून आलेल्या माणसाला टेकडी सांगणं सोपं आहे हो. आम्हाला ऑफिसचा जिना आणि जेवणानंतरची फेरी एवढंच जमतं, तेच सांगा लोकांना.

शनिवारपेठ:
हे मात्र शंभर टक्के पटलं, रात्रीचं मागवणं आधी थांबवा. पण म्हणून रविवारला मोकळं रान नाही. मिसळ, संध्याकाळी मस्तानी, रात्री थाळी असे रविवार मी आसपास बघतोय. एका दिवशी एकच ठिकाण ठरवा. मिसळीत मटकी जास्त मागा, तर्री वेगळ्या वाटीत घ्या, पाव एकावर थांबा, हवं तर दही घ्या. आणि पस्तिशी ओलांडली असेल, घरात कुणाला शुगर असेल, तर टेकडीच्या भरवशावर राहू नका, वर्षातून एकदा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. टेकडी रोज चढणाऱ्यांनीसुद्धा.