मदत हवी आहे : बीएससी केमिस्ट्री, शेवटचं वर्ष. बुटीबोरीची नोकरी घेऊ की एमएससी करू?

तिसऱ्या_वर्षाची :

नमस्कार. मी नागपूरला बीएससीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय केमिस्ट्री. घर उमरेडला, इथे नंदनवनला मावशीकडे राहते. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट माहिती दिली तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबसाठी कंत्राटदारामार्फत माझी मुलाखत झाली. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक, बॅक टायट्रेशन कधी करतात, बफर म्हणजे काय, एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) रिव्हर्स फेज म्हणजे काय, असे प्रश्न होते. पहिले तीन नीट आले. शेवटचं पुस्तकातलं सांगितलं, कारण कॉलेजात ते यंत्र आम्ही लांबूनच पाहिलं आहे. तरी निवड झाली. हातात १३ हजार, तीन पाळ्या, कंपनीची बस मेडिकल चौकातून. निकाल लागला की रुजू व्हायचं, पण होकार याच महिन्यात पाहिजे म्हणतात.

आमचे सर सांगतात, एमएससी केल्याशिवाय केमिस्ट्रीत थांबू नकोस. आमच्या बॅचला नवीन शैक्षणिक धोरण लागू आहे, त्यामुळे चौथं वर्ष करून ऑनर्स आणि मग एका वर्षात एमएससी असाही रस्ता आहे. मावशी म्हणते बँकेच्या परीक्षा दे. वर्गातल्या बऱ्याच मुली अभ्यासिका लावून एमपीएससीची तयारी करून राहिल्या आहेत. बाबा कोळसा खाणीत आहेत, निवृत्ती जवळ आली, आणि भाऊ अकरावीत आहे. 'नोकरी कर' असं बाबा तोंडाने कधीच म्हणणार नाहीत, पण घरचा हिशोब मला दिसतो.

मला लॅबमधलं काम मनापासून आवडतं. विषय सोडून बँकेत जायची इच्छा नाही. भीती एवढीच, की चार वर्षांनी मी तिथेच असेन आणि १३ चे १६ हजार झालेले असतील. नागपुरात राहून केमिस्ट्रीत पुढे जाता येतं का? आणि जायचं तर आधी नोकरी की आधी एमएससी?

आणखी एक. शहरातली एक संस्था तीन महिन्यांच्या फार्मा कोर्सचे ६० हजार मागते आणि 'शंभर टक्के जॉब' म्हणते. मावशी पैसे द्यायला तयार आहे. घ्यावा का?

राख_आणि_ओलावा :

कोर्सचं उत्तर आधी देतो. घेऊ नकोस. तुझी निवड त्या कोर्सशिवाय झाली आहे, मग ६० हजार कशाचे?

मी कोळसा तपासणीत आहे. नागपुरात केमिस्ट्रीवाल्यांना जागा किती, हे आपल्या कॉलेजांत कोणी सांगतच नाही. सगळ्यांना फक्त फार्मा माहीत. तुझे बाबा खाणीत आहेत म्हणून तुला लवकर समजेल. कोळशाची किंमत ठरते त्याच्या जीसीव्हीवर, म्हणजे जाळल्यावर किती उष्णता देतो त्यावर. जी-१ ते जी-१७ अशा सतरा ग्रेड आहेत. ग्रेड एका पायरीने घसरली तरी मोठ्या रकमेचा फरक पडतो, म्हणून विकणारा तपासतो, घेणारा तपासतो आणि वाद नको म्हणून तिसरी संस्थाही तपासते. वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) मुख्यालय इथेच, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं इथेच. त्यामुळे नमुने घेणाऱ्या आणि तपासणाऱ्या लॅबना बीएससीची माणसं लागतात. ओलावा, राख, व्होलाटाइल मॅटर, बॉम्ब कॅलरीमीटर, हे रोजचं काम. मे महिन्यात रेल्वे सायडिंगवर, जिथे कोळशाच्या वाघिणी भरतात, उभं राहून नमुने घ्यावे लागतात, धूळ खूप, हेही सांगून ठेवतो.

वीज केंद्रांत पाण्याचंही काम असतं. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यात सिलिका थोडी जरी वाढली तरी टर्बाइनच्या पात्यांवर थर बसतो, म्हणून डीएम प्लांटवर, म्हणजे पाण्यातले क्षार काढतात तिथे, चोवीस तास केमिस्ट असतो. शिवाय नीरी, म्हणजे पर्यावरणाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे प्रकल्पांवर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून बीएससी चालते आणि प्रोजेक्ट असोसिएटला एमएससी लागते. प्रकल्प संपला की नोकरी संपते, पण हाताला काम चांगलं लागतं. वाडीला अॅल्युमिनियमची संशोधन संस्था, हिंगण्याला भारतीय खाण ब्युरोची खनिजांची प्रयोगशाळा, यांच्या वेबसाइट अधूनमधून बघत जा. न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या वैज्ञानिक सहायक पदालाही केमिस्ट्रीची पदवी चालते, आणि प्रादेशिक प्रयोगशाळा नागपुरात आहे. ती भरती रोज निघत नाही, निघाली की सोडू नकोस.

एचपीएलसीवाली :

मी बरीच वर्षं क्यूसीत आहे, म्हणून फक्त त्या नोकरीबद्दल लिहिते.

पगार आणि कंपनीचं नाव बाजूला ठेव आणि एकच गोष्ट विचार : मला कोणत्या टेबलावर बसवणार? क्यूसी हा एक विभाग वाटतो, पण आत चार-पाच वेगळी कामं असतात. कच्च्या मालाची तपासणी, पॅकिंग मटेरियल, इन-प्रोसेस म्हणजे औषध बनत असतानाची तपासणी, तयार मालाची तपासणी, स्टॅबिलिटी म्हणजे औषध किती काळ टिकतं ते बघणं. पॅकिंग मटेरियलला बसवलं तर वर्षभर कार्टनची लांबी-रुंदी मोजशील आणि लेबल वाचशील. कच्च्या मालाच्या वेट लॅबमध्ये टायट्रेशन, कार्ल फिशरने पाण्याचं प्रमाण, लॉस ऑन ड्राइंग, सल्फेटेड अॅश करशील. हे चांगलं काम आहे, हात बसतो, पण बाजारात पगार वाढतो तो एचपीएलसी आणि जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) या यंत्रांवर. मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारं द्रावण स्वतः बनवणं, सिस्टीम सुटॅबिलिटी, म्हणजे तपासणीआधी यंत्र नीट चालतं का ते बघणं, आलेखावरचा पीक (उंचवटा) नीट आला नाही तर का आला नाही हे शोधणं, एखादा निकाल मर्यादेबाहेर गेला की त्याची चौकशी लिहिणं. हे ज्याला येतं त्याला कोणीही बोलावतं. ते शिकायला मिळणार नसेल तर तू म्हणतेस ती चार वर्षांची भीती खरी आहे.

म्हणून होकार देण्याआधी फोन कर. कोणत्या सेक्शनला घेणार, इन्स्ट्रुमेंटवर कधी बसवणार, अॅनालिस्ट क्वालिफिकेशन, म्हणजे ती तपासणी मला स्वतंत्रपणे येते याची चाचणी, करून घेणार का, नोंदी माझ्या नावाने होणार का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. काही ठिकाणी कंत्राटी मुलगी काम करते आणि सही दुसऱ्याची असते. मग अनुभव सांगायला कागद उरत नाही, आणि ते नियमालाही धरून नाही. कंत्राटदाराला ही उत्तरं माहीत नसतील, तेव्हा मुलाखत घेणाऱ्या लॅबच्या माणसाशीच बोल.

रोल कंत्राटदाराचा असला तरी पगाराच्या स्लिपवर पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) दिसलं पाहिजे. २१ हजारांपर्यंत पगार असला की ईएसआयसी लागू होतं, तू त्यात बसतेस. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, पहिल्याच महिन्यात माग. पुढच्या कंपनीत तुझा अनुभव खरा की खोटा हे पीएफच्या पासबुकावरून बघतात.

अजनी_लोकल :

एक मुद्दा दोघांचाही राहिला. अप्रेंटिसशिप. नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर पदवीधरांना नाव नोंदवता येतं, आता फक्त इंजिनिअरच नाही, बीएससीवालेही चालतात. मुदत साधारण एक वर्ष. विद्यावेतन तुझ्या १३ हजारांपेक्षा कमी असू शकतं. पण सरकारी उपक्रमांच्या बहुतेक जाहिरातींत एक अट असते : एक वर्ष किंवा त्याहून जास्त अनुभव असलेल्यांनी अर्ज करू नये. म्हणजे आधी कंत्राटी नोकरी वर्षभर केली की हा दरवाजा बंद. उलटा क्रम चालतो. म्हणून नोंदणी आत्ताच कर आणि निकाल लागताच अर्ज सुरू कर.

बारावीला गणित होतं का? असेल तर बीएससीनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं.

तिसऱ्या_वर्षाची :

तुम्हा सगळ्यांची खूप आभारी आहे. गणित होतं, पण आता पुन्हा तीन वर्षं पदवीच करायची इच्छा नाही.

लॅबमधल्या मॅडमना फोन केला. त्या मोकळेपणाने बोलल्या. पहिले सहा महिने पॅकिंग मटेरियल, मग कच्चा माल. एचपीएलसीवर कंत्राटी कोणालाच बसवत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नोंदींवर सही माझीच असेल म्हणाल्या.

आता मन एमएससीकडे झुकून राहिलं आहे. पण दोन वर्षं घरून पैसे घ्यायचे हे जड जातं. एमएससीने नेमकं काय वाढतं, हे कोणी सांगेल का? सर फक्त 'स्कोप आहे' म्हणतात.

एचपीएलसीवाली :

त्या मॅडमनी खरं सांगितलं, त्यांचे आभार मान. मी तुझ्या जागी असते तर ही नोकरी घेतली नसती.

एमएससीने काय वाढतं ते सांगते. अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत केमिस्ट्रीची पदव्युत्तर पदवी आहे, साधी बीएससी केमिस्ट्री त्यात नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट आणि सेट परीक्षांनाही एमएससीच लागते. संशोधन संस्थांतली प्रोजेक्ट असोसिएटची जागा वर कोणी लिहिलीच आहे. कंपन्यांतही पद्धत विकसित करण्याच्या कामाला, म्हणजे एआरडीला, एमएससी अॅनालिटिकल किंवा ऑरगॅनिक मागतात. क्यूसीतून तिकडे जाणं बीएससीवर अवघड जातं.

पैशांसाठी माझं मत असं. नागपूर विद्यापीठाचा केमिस्ट्री विभाग आणि शासकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे अर्ज कर. खासगी कॉलेजच्या मानाने फी कमी पडते आणि मावशीकडे राहणं चालू राहील. मावशी कोर्सचे पैसे द्यायला तयार आहे ना, तेच एमएससीला उसने माग. सोबत जॅमचा, म्हणजे आयआयटी वगैरेंतल्या एमएससीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भर. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म त्याआधीच्या पावसाळ्याच्या शेवटी निघतात, आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात. यंदाची वेळ गेली असेल तर पुढच्या वर्षी दे. चौथ्या वर्षाचं ऑनर्स तुझ्या कॉलेजात सुरू आहे का आणि संशोधनासह ऑनर्सला लागणारे ७५ टक्के तुझे पहिल्या सहा सत्रांत आहेत का, हे आधी बघ. नसतील तर सरळ दोन वर्षांची एमएससी बरी.

मधल्या वर्षात चांगली अप्रेंटिसशिप मिळाली तर ती करून मग एमएससीला जा. प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, बाकी अडचण येत नाही. आणि बाबांशी हे आकडे घेऊन बस. तू गप्प राहून हिशोब करतेस, तेही तेच करत असतील.

तिसऱ्या_वर्षाची :

रविवारी उमरेडला जाऊन बाबांशी बोलते. आज नॅट्सवर नोंदणी केली.

शेवटचा प्रश्न. कंत्राटदाराला फोनवर नकार सांगितला तर तो म्हणतो, जागा धरून ठेवायची असेल तर मूळ मार्कशीट आणि एक कोरा चेक जमा करा, नंतर ठरवा. हे नेहमीचं असतं का?

राख_आणि_ओलावा :

नाही. मूळ कागद फक्त दाखवायचे आणि तिथल्या तिथे परत घ्यायचे. ठेवायला द्यायच्या त्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स, त्यावर कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिल्या ते लिहून. कोरा चेक कोणालाही देऊ नकोस. तुझी मूळ मार्कशीट त्याच्या कपाटात असली तर प्रवेशाच्या दिवशी तूच अडकशील. नकार लेखी कळव, व्हॉट्सअॅपवर दोन ओळी पुरतात. लॅबच्या मॅडमनाही वेगळा निरोप दे, त्या चांगल्या वागल्या आहेत आणि एमएससीनंतर कदाचित त्यांच्याकडेच अर्ज करशील.